शाळेच्या निकालाचे आकडे कसे वाचावेत: संपादणूक, प्रगती आणि छेदातली मुले

निकालाचा तक्ता हाती आला की बहुतेकांची नजर आधी शेवटच्या ओळीवर जाते, कारण तिथे उत्तीर्णांची टक्केवारी असते. ती गेल्या वर्षीपेक्षा वाढली असेल तर शिक्षकांचे अभिनंदन होते, घटली असेल तर खुलासे मागितले जातात, आणि तक्त्यातला बाकीचा मजकूर न वाचताच फाईल बंद होते. मुख्याध्यापक, विषयशिक्षक आणि निकाल समजून घेऊ पाहणारे पालक यांच्यासाठी लिहिताना माझा आग्रह एकच आहे: कोणताही आकडा वाचण्यापूर्वी तो कोणत्या मुलांचा आहे आणि ती मुले कुठून निघाली होती, हे पाहावे. टक्केवारीत सगळ्यांचे लक्ष अंशाकडे असते. शाळेबद्दलचे बरेचसे सत्य मात्र छेदात असते.

दोन शब्दांचा अर्थ आधी पक्का करून घेऊ. संपादणूक म्हणजे ठरावीक वेळी मूल कुठवर पोहोचले आहे ते. प्रगती म्हणजे आधीच्या एका मोजमापापासून ते किती पुढे आले ते. मुलाला पुढच्या शिक्षणाचा दरवाजा उघडून देते ती संपादणूक, त्यामुळे तिला कमी लेखून चालणार नाही. पण शाळेने त्या मुलासाठी काय केले, याचा अंदाज प्रगतीवरूनच येतो. चांगली तयारी असलेली मुले घेणाऱ्या शाळेचा निकाल चांगला लागतो, यात शाळेचे कर्तृत्व किती आणि प्रवेशाचे किती, हे केवळ संपादणुकीवरून कधीच कळत नाही.

पहिली पायरी: प्रश्न आधी, तक्ता नंतर

तक्ता उघडण्यापूर्वी आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे, ते एका वाक्यात कागदावर लिहावे. "निकाल कसा लागला?" हा प्रश्न फार मोघम आहे. "गणितात ज्यांची सुरुवात कच्ची होती, ती मुले वर्षभरात आपल्यासारख्याच इतर मुलांच्या बरोबरीने पुढे आली का?" हा प्रश्न उत्तर देण्याजोगा आहे. प्रश्न आधी लिहिला नाही, तर आकड्यांच्या गर्दीतून आपल्या मनात आधीच असलेल्या मताला पुष्टी देणारा आकडा उचलण्याचा मोह आवरत नाही.

दुसरी पायरी: छेद तपासा

समजा, वर्गाच्या पटावर ६० मुले आहेत, परीक्षेला ५० बसली आणि ४५ उत्तीर्ण झाली. परीक्षेला बसलेल्यांच्या हिशेबाने निकाल ९० टक्के. पटावरच्या हिशेबाने ७५ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही छापले जातात, पण ते एकमेकांशेजारी ठेवून तुलना केली तर ती तुलना खोटी ठरते. म्हणून प्रत्येक टक्केवारीच्या बाजूला तिचा छेद हाताने लिहून काढण्याची सवय लावावी.

त्यानंतर छेदातून गळलेल्या मुलांची यादी करावी. वर्षाच्या मध्यात शाळा सोडून गेलेली, परीक्षेच्या दिवशी गैरहजर राहिलेली, सवलत किंवा सूट मिळालेली, आणि ज्यांचे आधीचे गुणच उपलब्ध नाहीत अशी नव्याने आलेली मुले, असे चार गट साधारणपणे सापडतात. चौथा गट प्रगतीच्या हिशेबात विशेष महत्त्वाचा असतो, कारण आधीचे मोजमाप नसले की मूल त्या हिशेबातून आपोआप वगळले जाते. वारंवार स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची मुले याच कारणाने प्रगतीच्या तक्त्यात दिसेनाशी होतात, आणि शाळेला ज्यांची सर्वाधिक काळजी वाटायला हवी, नेमकी तीच मुले आकड्याच्या बाहेर राहतात. एका वर्गाच्या निकालाचे मी भर बैठकीत मनापासून कौतुक केले होते. दोन दिवसांनी हजेरीपट पाहिला, तेव्हा त्या वर्गातली सर्वांत मागे असलेली सात मुले परीक्षेलाच आली नव्हती, हे कळले. तेव्हापासून हजेरीपट शेजारी असल्याशिवाय मी निकाल वाचत नाही.

तिसरी पायरी: मोजपट्टी ओळखा

एखाद्या मुलाला "७०" मिळाले, एवढ्याने काहीच कळत नाही. ते कच्चे गुण आहेत, टक्के आहेत, प्रमाणित गुण आहेत की पर्सेंटाइल, हे विचारावे लागते. ७० टक्के म्हणजे शंभरपैकी सत्तर गुण. ७० पर्सेंटाइल म्हणजे सुमारे सत्तर टक्के परीक्षार्थी त्या मुलाच्या मागे आहेत, मग त्याचे प्रत्यक्ष गुण चाळीस असोत की नव्वद. पर्सेंटाइलमध्ये आणखी एक अडचण आहे. मधल्या भागात मुलांची दाटी असल्यामुळे दोन-चार गुणांच्या फरकाने तिथे स्थान बरेच हलते, पण टोकाला तेवढेच गुण वाढूनही ते फारसे हलत नाही. त्यामुळे पर्सेंटाइलमधली वाढ ही शिकण्यातली वाढ म्हणून वाचू नये.

प्रमाणित गुणांची कल्पना अशी की वेगवेगळ्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका कमी-अधिक कठीण असल्या, तरी गुणांचा अर्थ सारखाच राहावा. इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षणाच्या अखेरीस, म्हणजे वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास होणाऱ्या राष्ट्रीय चाचण्यांत २०१६ पासून ८० ते १२० अशी पट्टी वापरतात आणि १०० म्हणजे अपेक्षित पातळी गाठली, असे मानतात. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी २००० साली सुरू झालेल्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीची पट्टी सहभागी विकसित देशांची सरासरी ५०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरले आहेत याचे माप, १०० येईल, अशी आखली होती. यातले १०० आणि ५०० हे आकडे "पैकीच्या पैकी" नाहीत, हे वाचकाला ठाऊक नसेल तर पुढचे सगळे वाचन चुकते.

शाळेने स्वतः काढलेल्या प्रश्नपत्रिकांना अशी पट्टी नसते. पहिल्या सत्रात सरासरी ५८ आणि दुसऱ्या सत्रात ६४ आली, तर मुले पुढे गेली असतील किंवा प्रश्नपत्रिका सोपी झाली असेल. दोन्ही परीक्षांत काही समान प्रश्न मुद्दाम ठेवावेत. त्या प्रश्नांपुरती का होईना, तुलना खात्रीची होते.

चौथी पायरी: संपादणूक वाचताना सरासरीवर थांबू नका

दोन वर्गांची सरासरी ६० असू शकते. एका वर्गातली जवळपास सगळी मुले ५० ते ७० च्या दरम्यान असतात. दुसऱ्यात अर्धी मुले ३५ च्या आसपास आणि अर्धी ८५ च्या आसपास असतात. या दोन वर्गांना लागणारे अध्यापन पूर्णपणे वेगळे आहे, पण सरासरी तसे सांगत नाही. यासाठी संगणकाचीही गरज नाही. चौकटीच्या वहीत दहा-दहा गुणांचे रकाने आखून प्रत्येक मुलासाठी एक फुली मारत जावे. फुल्यांचा ढीग कुठे उंच आहे, तो एक आहे की दोन, आणि डाव्या टोकाला कोण एकटे पडले आहे, हे पाच मिनिटांत दिसते. सरासरीबरोबर मध्यक म्हणजे रांगेतल्या मधल्या मुलाचे गुणही काढावेत. सरासरी मध्यकापेक्षा बरीच खाली असेल, तर बहुधा काही मुले फार मागे राहिलेली असतात.

उत्तीर्णतेच्या उंबरठ्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण शाळांचे सर्वाधिक नुकसान याच आकड्याने केले आहे, असे माझे मत आहे. उत्तीर्ण होण्यासाठी ४० गुण लागत असतील, तर ३९ वरून ४१ वर गेलेले मूल निकालाची टक्केवारी वाढवते. ४५ वरून ८० वर गेलेले मूल ती तसूभरही हलवत नाही, आणि १० वरून ३५ वर आलेले मूलही नाही. ज्या आकड्यावर शाळेची प्रतिष्ठा अवलंबून असते, त्याच आकड्याभोवती शाळेचे श्रम गोळा होतात, आणि मग उंबरठ्याच्या अलीकडे दोन-चार गुणांवर असलेल्या मुलांवर सगळे जादा तास खर्च होतात. इंग्लंडमध्ये १९९२ पासून शाळांचे तुलनात्मक तक्ते प्रसिद्ध होऊ लागले. पाच किंवा अधिक विषयांत 'सी' वा त्याहून वरची श्रेणी मिळवणाऱ्यांचे प्रमाण हा त्यातला ठळक आकडा होता, आणि 'सी' व 'डी' यांच्या सीमेवरची मुले हा तिथल्या शाळांच्या नियोजनाचा कायमचा विषय होऊन बसला. अमेरिकेत २००२ च्या आरंभी लागू झालेल्या कायद्याने २०१४ पर्यंत सर्व मुलांना 'प्रवीण' पातळीवर आणण्याचे बंधन घातले, तेव्हा तिथेही काठावरच्या मुलांना झुकते माप मिळाल्याची चर्चा झाली. म्हणून उत्तीर्णांची टक्केवारी वाचताना उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना पाच गुणांच्या पट्ट्यात किती मुले आहेत, हे अवश्य मोजावे. त्या पट्ट्यात दाटी असेल तर टक्केवारीतला पुढच्या वर्षीचा चढ-उतार फारसा अर्थपूर्ण नसेल, हे आधीच ओळखता येते.

पाचवी पायरी: प्रगतीचा हिशेब

सर्वांत सरळ वाटणारी रीत म्हणजे नंतरच्या गुणांतून आधीचे गुण वजा करणे. ही रीत फसवी आहे, आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण पट्टीच्या टोकांचे. ९६ गुणांवर असलेल्या मुलाला वर जायला चारच गुणांची जागा आहे, त्यामुळे ते कितीही शिकले तरी वजाबाकीत ते दिसणार नाही. दुसरे कारण अधिक खोल आहे. कोणत्याही एका चाचणीतल्या गुणांत मुलाचे खरे ज्ञान असते, तसा त्या दिवसाचा योगायोगही असतो: आदल्या रात्रीचे आजारपण, नेमका न वाचलेला धडा, अंदाजाने बरोबर आलेली उत्तरे. सर्वांत कमी गुण मिळालेली मुले आपण निवडतो, तेव्हा त्यांच्यात योगायोग ज्यांच्या विरोधात गेला अशी मुले अधिक येतात. पुढच्या चाचणीत योगायोग तसाच जुळत नाही, आणि काहीही न करता या गटाची सरासरी वर येते. तसेच अव्वल आलेल्या गटाची सरासरी काहीही न बिघडता खाली येते. आई-वडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये सरासरीकडे परतण्याची ही प्रवृत्ती मांडली होती. उपचारात्मक वर्गांचे यश सांगणारे कितीतरी अहवाल तिच्याकडे दुर्लक्ष करून लिहिलेले असतात. यावर एक साधा उपाय आहे. मुलांची निवड एका चाचणीवरून करावी, आणि सुरुवातीचे गुण म्हणून, निवड झाल्यानंतर व शिकवणे सुरू होण्यापूर्वी घेतलेल्या दुसऱ्या चाचणीचे गुण धरावेत.

शाळेची प्रगती मोजण्याची योग्य रीत म्हणजे प्रत्येक मुलाची तुलना, सुरुवातीला त्याच्याच पातळीवर असलेल्या, पण अनेक शाळांत शिकणाऱ्या इतर मुलांशी करणे. याला मूल्यवर्धन म्हणतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मोठ्या तुलनागटात असे दिसले की सुरुवातीला ४० पेक्षा कमी गुण असलेल्या मुलांना नंतर सरासरी ४२ गुण मिळाले, ४० ते ५९ मधल्या मुलांना ५५, ६० ते ७९ मधल्यांना ७० आणि ८० च्या वरच्यांना ८४. हे त्या-त्या गटाचे अपेक्षित गुण झाले. आता आपल्या वर्गातली पाच मुले पाहू. पहिल्याचे गुण ३५ वरून ४८ झाले. अपेक्षित ४२, म्हणून फरक अधिक ६. दुसऱ्याचे ५२ वरून ५४. अपेक्षित ५५, फरक उणे १. तिसऱ्याचे ५८ वरून ६१. अपेक्षित ५५, फरक अधिक ६. चौथ्याचे ७२ वरून ६६; अपेक्षित ७०, फरक उणे ४. पाचव्याचे ८५ वरून ८१. अपेक्षित ८४, फरक उणे ३. बेरीज अधिक ४ आणि पाच मुलांची सरासरी अधिक ०.८.

या अधिक ०.८ वर थांबणारा वाचक चुकतो. फरकांची रांग पाहिली तर दिसते की सुरुवातीला मागे असलेल्या तिघांपैकी दोन मुले अपेक्षेपेक्षा पुढे आली आहेत आणि पुढे असलेली दोन्ही मुले अपेक्षेच्या मागे पडली आहेत. पाच मुलांवरून निष्कर्ष निघत नाही, पण चाळीस मुलांत हेच चित्र दिसले तर शिकवण्याचा वेग आणि काठिण्य यांबद्दल विचारण्याजोगा प्रश्न तयार होतो. तसेच तिसऱ्या मुलाकडे पुन्हा पाहावे. ते ४० ते ५९ या गटाच्या वरच्या टोकाला होते, त्यामुळे त्याचे "अधिक ६" काही अंशी गट रुंद असल्यामुळेच आले आहे. गट जितके अरुंद, तितकी तुलना न्याय्य. मात्र गट फार अरुंद केले तर तुलनागटात पुरेशी मुले उरत नाहीत.

इंग्लंडमध्ये २०१६ पासून सरकारी खर्चाने चालणाऱ्या माध्यमिक शाळांसाठी वापरात आलेले 'प्रोग्रेस ८' हे माप याच तत्त्वावर उभे आहे. अकराव्या वर्षाच्या चाचण्यांत सारखेच गुण असलेल्या देशभरातल्या मुलांशी सोळाव्या वर्षाच्या परीक्षेतल्या आठ विषयांच्या निकालाची तुलना केली जाते आणि त्यात इंग्रजी व गणिताला दुप्पट वजन दिले जाते. राष्ट्रीय सरासरी शून्याच्या आसपास येते, आणि अधिक ०.५ म्हणजे मुलांना सरासरीने प्रत्येक विषयात अर्धी श्रेणी अधिक मिळाली. इथे शून्य म्हणजे "प्रगती झाली नाही" असे नव्हे, तर "सारख्या सुरुवातीच्या इतर मुलांइतकीच झाली" असे. हा गैरसमज पालकांत इतका सर्रास आढळतो की अशा मापाखाली तेवढे एक वाक्य दर वेळी छापावे, असे मला वाटते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: हे माप तुलनेचे आहे. सगळ्या शाळा सुधारल्या तरी सरासरी शून्यावरच राहते.

सुरुवातीचे मोजमाप कोणी केले, हेही विचारावे. सुरुवातीचे गुण जितके कमी, तितकी नंतरची प्रगती मोठी दिसते. त्यामुळे तेच मोजमाप शाळेने स्वतः, हात आखडून केले असेल, तर प्रगतीचा आकडा कितीही सुबक दिसला तरी तो भरवशाचा नसतो.

सहावी पायरी: आकड्याभोवतीची अनिश्चितता

वीस मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे पाच टक्के. एका मुलाच्या तापामुळे शाळेचा निकाल ९५ वरून ९० वर येऊ शकतो, आणि त्यावर चर्चा मात्र अध्यापनाच्या दर्जाची होते.

अनिश्चितता अंदाजाने मोजण्याची रीत अवघड नाही. मुलांच्या फरकांचे प्रमाण विचलन काढावे आणि त्याला मुलांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागावे. समजा, प्रमाण विचलन १२ गुण आहे आणि मुले २५ आहेत. १२ भागिले ५ म्हणजे २.४. याची दुप्पट, म्हणजे सुमारे ४.८, सरासरीच्या दोन्ही बाजूंना धरावी. हीच ढोबळमानाने ९५ टक्के विश्वास-मर्यादा, म्हणजे योगायोग वगळता खरी सरासरी ज्या पट्ट्यात असण्याची बऱ्यापैकी खात्री धरता येते तो पट्टा. वर्गाची सरासरी प्रगती अधिक ३ आली असेल, तर तिच्या मर्यादा उणे १.८ ते अधिक ७.८ येतात आणि त्यांच्या मध्ये शून्य येते. याचा अर्थ वर्गाची प्रगती सामान्यच आहे असा होत नाही. ती सामान्यापेक्षा निराळी आहे, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा या एका वर्षात नाही, इतकाच होतो. मुले १०० असती तर तीच मर्यादा दोन्ही बाजूंना २.४ इतकी असती, आणि अधिक ३ हा आकडा दखल घेण्याजोगा ठरला असता.

लहान शाळा गुणवत्ता यादीच्या वरच्या टोकाला हमखास दिसतात, आणि खालच्या टोकालाही. संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांनी २००७ मध्ये याकडे लक्ष वेधले. अमेरिकेत यशस्वी शाळांच्या यादीत लहान शाळा जास्त दिसल्या म्हणून मोठ्या शाळा फोडून लहान करण्याच्या प्रयोगांवर मोठा खर्च झाला होता; अपयशी शाळांच्या यादीतही लहान शाळाच जास्त होत्या, हे पाहिले गेले नव्हते. मुले थोडी असली की सरासरी अधिक हेलकावते, एवढेच त्यामागचे कारण असू शकते. त्याआधी १९९६ मध्ये हार्वी गोल्डस्टीन आणि डेव्हिड स्पीगेलहॉल्टर यांनी दाखवून दिले होते की शाळांच्या क्रमवारीत अनिश्चितता धरली तर मधल्या बहुसंख्य शाळा एकमेकींपासून वेगळ्या काढताच येत नाहीत. टोकाच्या थोड्याच शाळांबद्दल काही ठाम म्हणता येते. त्यामुळे शाळेचा क्रमांक चाळिसावरून बत्तिसावर आला, या बातमीवर आनंद किंवा दुःख मानण्यापूर्वी विश्वास-मर्यादा पाहाव्यात, आणि त्या दिलेल्या नसतील तर मागाव्यात.

सातवी पायरी: तीन वर्षे एकत्र

शक्य असेल तेव्हा लागोपाठ तीन वर्षांची मुले एकत्र करून सरासरी काढावी. मुलांची संख्या तिप्पट झाली की अनिश्चितता बरीच आटोक्यात येते. मात्र "पाचवीचा तीन वर्षांचा निकाल" आणि "एकाच तुकडीचा पाचवी, सहावी, सातवीतला निकाल" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात मुले बदलतात, दुसऱ्यात मुले तीच राहून चाचणी बदलते. आलेखाखाली यांपैकी काय दाखवले आहे ते स्पष्ट लिहावे. तसेच मोजमापात खंड पडलेली वर्षे ओळखावीत. २०२० आणि २०२१ मध्ये महासाथीमुळे इंग्लंडमधल्या अकराव्या वर्षाच्या चाचण्या झाल्या नाहीत. त्या मुलांना सुरुवातीचे गुणच नसल्याने २०२४-२५ आणि २०२५-२६ या वर्षांसाठी 'प्रोग्रेस ८' काढता येत नाही. पाच वर्षांपूर्वीचा खंड आजच्या प्रगतीच्या आकड्यात असा उमटतो.

आठवी पायरी: गट पाडून पाहा

एकूण आकडा आणि गटांचे आकडे परस्परविरुद्ध दिशा दाखवू शकतात, यावर पटकन विश्वास बसत नाही, म्हणून पुन्हा काल्पनिक उदाहरण देतो. 'अ' शाळेत पक्क्या तयारीची ८० आणि कच्च्या तयारीची २० मुले आहेत. पक्क्या गटातली ८० टक्के म्हणजे ६४ आणि कच्च्या गटातली ३० टक्के म्हणजे ६ मुले उत्तीर्ण झाली. निकाल ७० टक्के. 'ब' शाळेत पक्क्या तयारीची ३० आणि कच्च्या तयारीची ७० मुले आहेत. पक्क्या गटातली ९० टक्के म्हणजे २७ आणि कच्च्या गटातली ४० टक्के म्हणजे २८ मुले उत्तीर्ण झाली. निकाल ५५ टक्के. दोन्ही गटांत 'ब' शाळा दहा टक्क्यांनी पुढे आहे आणि एकूण निकालात पंधरा टक्क्यांनी मागे. आपले मूल कोणत्याही गटातले असले तरी 'ब' शाळेतल्या त्याच्यासारख्या मुलांचा निकाल सरस आहे, आणि क्रमवारीच्या यादीत मात्र 'अ' शाळा वर छापली जाईल.

गटांमधली दरी वाचताना दोन्ही बाजू स्वतंत्रपणे पाहाव्यात, कारण मागची मुले पुढे न येता पुढची मुले मागे आल्यानेही दरी कमी होते. लहान इयत्तांत जन्ममहिन्याचाही परिणाम दिसतो: एकाच वर्गातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मुलात जवळजवळ वर्षाचे अंतर असते, आणि सहाव्या वर्षी ते अंतर फार मोठे असते. गट पाडताना सहाव्या पायरीचा नियम विसरू नये. सहा मुलांच्या गटाची टक्केवारी काढण्यापेक्षा त्या सहा जणांच्या वह्या पाहाव्यात.

घरच्या परिस्थितीचा हिशेब प्रगतीत धरावा का, यावर प्रामाणिक मतभेद आहेत. इंग्लंडने काही काळ असे माप वापरले आणि २०१० नंतर सोडले. परिस्थिती धरली तर गरीब मुलांकडून कमी अपेक्षा ठेवल्यासारखे होते, हा त्यावरचा आक्षेप; न धरली तर कठीण परिस्थितीत काम करणाऱ्या शाळेवर अन्याय होतो, हे त्याला दिले जाणारे उत्तर. माझे मत असे आहे की शाळांची तुलना करताना दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवावेत, पण एखाद्या मुलासाठी उद्दिष्ट ठरवताना त्याच्या घरच्या परिस्थितीला कदापि गणितात आणू नये.

नववी पायरी: प्रश्नागणिक उत्तरे

वर्गशिक्षकासाठी सर्वांत मोलाची माहिती एकूण गुणांत नसते. ती प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरात असते, आणि बहुतेक शाळा ती गोळाच करत नाहीत. त्यासाठी एक मोठा तक्ता आखावा: आडव्या ओळीत मुले, उभ्या रकान्यांत प्रश्न. बरोबर उत्तराला १, चुकीच्या उत्तराला ०, आणि उत्तरच लिहिले नसेल तर रिकामी चौकट. ० आणि रिकामी चौकट एकच धरू नये. चुकलेल्या मुलाने काहीतरी विचार केलेला असतो, कोरे सोडलेल्याला एक तर वेळ पुरला नाही किंवा त्याने हात टेकले. मग मुले एकूण गुणांच्या उतरत्या क्रमाने आणि प्रश्न सोप्याकडून कठीणाकडे लावावेत. डाव्या वरच्या कोपऱ्यात एकांची आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात शून्यांची दाटी होते, आणि या रचनेत न बसणाऱ्या चौकटी नजरेत भरतात. वर्गातल्या हुशार मुलांनी चुकवलेला सोपा प्रश्न अनेकदा सदोष भाषेचा निघतो. तळाच्या मुलाने एकट्याने सोडवलेला कठीण प्रश्न कधी नक्कल असते, तर कधी त्या मुलाबद्दलचे आपले मत बदलायला लावणारा पुरावा असतो.

चुकीची उत्तरेही नोंदवावीत. एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश यांची बेरीज करताना दहा मुलांनी दोन सप्तमांश लिहिले असेल, तर ती दहा चुकलेली मुले नव्हेत. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवायचा, हा एकच चुकीचा नियम दहा जणांनी मनाशी धरला आहे. ०.२५ ही संख्या ०.३ पेक्षा मोठी आहे, असे लिहिणाऱ्या मुलांनी दशांशचिन्हानंतरचे अंक पूर्ण संख्येसारखे वाचले आहेत. अशा चुका सरावाने जात नाहीत, उलट पक्क्या होतात. त्यासाठी नेमका तो विचार मुलांकडून बोलून घ्यावा लागतो. एखादा प्रश्न सगळ्या तुकड्यांत चुकला असेल तर प्रश्नपत्रिकेकडे किंवा अभ्यासक्रमाच्या क्रमाकडे पाहावे, आणि एकाच तुकडीत चुकला असेल तर त्या तुकडीत तो घटक कसा आणि किती दिवस शिकवला गेला, हे शिक्षकाला विश्वासात घेऊन विचारावे.

दहावी पायरी: आकड्यावरून चौकशीकडे

आता सुरुवातीला लिहिलेला प्रश्न पुन्हा काढावा आणि मिळालेल्या प्रत्येक ठळक आकड्यासाठी किमान तीन संभाव्य कारणे लिहावीत. गणिताची प्रगती घटली असेल तर अध्यापन हे एक कारण झाले. मुलांची दीर्घ गैरहजेरी, वर्षाच्या मध्यात बदललेला शिक्षक, आणि भाषा न समजल्यामुळे शाब्दिक उदाहरणे चुकणे ही इतर कारणे. प्रत्येक कारणासमोर "हे खरे असेल तर आणखी कुठे दिसेल?" असा प्रश्न लिहावा. भाषेचे कारण खरे असेल, तर केवळ आकडेमोडीच्या प्रश्नांत ती मुले मागे नसतील. नवव्या पायरीचा तक्ता याचे उत्तर लगेच देतो. गैरहजेरीचे कारण खरे असेल, तर नियमित येणाऱ्या मुलांची प्रगती घटलेली नसेल. आकडे इथपर्यंत आणतात. पुढे वह्या पाहणे, वर्गात बसणे आणि मुलांशी बोलणे याला पर्याय नाही.

हे करताना आकड्यावर किती दडपण येते आहे, याचेही भान ठेवावे. सामाजिक निर्णयांसाठी एखादे माप जितके अधिक वापरले जाते, तितके ते भ्रष्ट होण्याची शक्यता वाढते, असे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात मांडले. अमेरिकेत १९८७ मध्ये जॉन कॅनेल या डॉक्टरांनी निकाल गोळा केले, तेव्हा प्राथमिक स्तरावर सगळीच्या सगळी राज्ये स्वतःला राष्ट्रीय सरासरीच्या वर दाखवत होती, जे अशक्य आहे. जुन्या तुलनागटाचे मापदंड आणि चाचणी डोळ्यांसमोर ठेवून केलेली तयारी ही त्यामागची कारणे पुढे आली. त्यामुळे शिक्षकांची वेतनवाढ किंवा बदली एकाच चाचणीच्या आकड्याला बांधू नये, असे मी प्रत्येक व्यवस्थापनाला आग्रहाने सांगतो.

शेवटी वाचन लिहून ठेवावे, आणि ते अर्ध्या पानात लिहावे. टक्केवारीबरोबर संख्या द्यावी: "७५ टक्के" ऐवजी "पटावरच्या ६० पैकी ४५". वगळलेल्या मुलांची संख्या आणि कारण द्यावे. प्रगतीचा आकडा विश्वास-मर्यादेसह द्यावा आणि शून्याचा अर्थ एका ओळीत सांगावा. काय ठामपणे म्हणता येते आणि कशाची केवळ शंका आहे, ते वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहावे. पालकांच्या बैठकीत मांडायच्या प्रतीतून लहान गट काढून टाकावेत, कारण तीन मुलांच्या गटाची सरासरी जाहीर करणे म्हणजे त्या मुलांची ओळख उघड करणे आहे. हे अर्धे पान, प्रश्नागणिक तक्ता आणि गळालेल्या मुलांची नावे असलेली यादी एकाच फाईलमध्ये ठेवून ती पुढच्या वर्गशिक्षकाच्या हाती जूनमध्ये नव्हे, तर वर्ग सुरू होण्याच्या आधी द्यावी, म्हणजे त्या यादीतल्या मुलांची चौकशी पहिल्याच आठवड्यात सुरू होईल.